अठ्ठावन्न किलोंचा डोस

उंदराचा पंजा सुजला की तो किती सुजला हे मोजायची एक पद्धत असते आणि त्यात मी आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत तरबेज आहे. होते, असं म्हणायला हवं. घोट्यावर शाईने बारीक रेघ काढायची, मागचा पाय अलगद धरून नळीतल्या पाण्यात त्या रेघेपर्यंत बुडवायचा, पाणी किती चढलं ते वाचायचं आणि वहीत आकडा लिहायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण उंदीर वळवळतो, रेघ पुसट होते आणि पाय केसभर जास्त बुडाला तर सगळी सूज खोटी. नवे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात चार वेळा चावून घेतात आणि पाचव्या वेळी ओरडतात, "पंजेबाईंना बोलवा!" हे नाव मला कोणी ठेवलं कुणास ठाऊक, पण ते चिकटलं ते चिकटलंच. माझं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलंय.

आमच्याकडे काम चालायचं ते सूज उतरवणाऱ्या झाडपाल्यावर. पंजात एक द्राव टोचला की तासाभरात तो टम्म फुगतो. त्याआधी काही उंदरांना नुसतं पाणी पाजायचं, काहींना बाजारातली ठाऊक असलेली गोळी आणि काहींना आमचा अर्क. मग दर तासाला पंजे मोजायचे. पाच वर्षांत सहा वनस्पती आल्या आणि गेल्या. एकीनेही उंदरांचं काही भलं केलं नाही. सातवी आली ती एक काटेरी झुडूप, भिंतींच्या कडेला कोणी न लावता उगवणारं. त्याची पानं वाळवून, कुटून, तीन दिवस स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची आणि स्पिरिट उडवून टाकायचं. मागे उरायचं ते डांबरासारखं काळं, चिकट, ओल्या गवताच्या वासाचं काहीतरी. आम्ही त्याला 'सात नंबर' म्हणायचो.

सात नंबरने तिसऱ्या तासाला साठ टक्के सूज उतरवली. मी पंजे पुन्हा मोजले. मग मॅडमनी स्वतः मोजले. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख, कधी न हसणाऱ्या बाई. त्या दिवशी त्यांनी मला कॉफी पाजली.

मी घरी येऊन हे सगळं आईंना सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. माझा नवरा लांबच्या मार्गावर ट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो, त्यामुळे आमचा संसार म्हणजे खरंतर मी आणि त्या. बारा वर्षं एकमेकींना टोमणे मारत आमचं उत्तम चाललं होतं. मी भाजीत मीठ जास्त टाकते हे त्यांनी एकदाही न सांगितलेला दिवस मला आठवत नाही आणि त्यांनी ती भाजी एकदाही टाकलेली आठवत नाही.

त्या घड्याळं दुरुस्त करायच्या. सासरे गेल्यावर त्यांचं खिडकीजवळचं टेबल, चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं त्यांनी उचललं आणि तीस वर्षं चालवलं. मनगटी घड्याळ उघडून त्यातली केसाइतकी बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलायची आणि पुन्हा जागेवर बसवायची, हे मी हजारदा पाहिलंय आणि तरी मला ते जमण्यातलं वाटत नाही. पण गेली दोन वर्षं त्यांच्या बोटांचे सांधे सुजायचे. सकाळी मूठ मिटायची नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्यांना मळमळायचं, म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या आणि डॉक्टरही सोडले. टेबलावर घड्याळं साठत गेली. शेवटी त्यांनी टेबलावर चादर घातली. ती चादर बघून मला जेवण जायचं नाही.

"साठ टक्के?" आई म्हणाल्या. "तुझ्या उंदरांची चैन आहे बाई. आणि माणसांनी काय करायचं?"

"माणसांपर्यंत यायला दहा वर्षं लागतील, आई."

"दहा वर्षांनी मी कुठे असेन, ते सांगू का तुला?"

त्या हसत म्हणाल्या, पण बोटं पदराखाली लपवली. मला ते दिसलं आणि मी तिथेच हरले.

प्रयोगशाळेत नियम होता की ज्या बरणीचं लेबल सुटलं ती फेकून द्यायची, आत काय आहे हे कितीही ठाऊक असलं तरी. त्या आठवड्यात फ्रीजमधल्या ओलीमुळे सात नंबरच्या एका बरणीचं लेबल गळून पडलं. पाव किलो अर्क. माझ्याच हातांनी केलेला, तीन दिवस भिजवलेला, गाळलेला. फेकायच्या डब्याशी मी बरणी घेऊन उभी राहिले आणि मग ती माझ्या पिशवीत गेली. चोरी म्हणा हवं तर. तेव्हा मला ती वाचवलेली वस्तू वाटली.

डोस काढायला मला मॅडमची गरज नव्हती. उंदरांना आम्ही किलोमागे दोनशे मिलिग्रॅम द्यायचो. उंदीर तराजूवर ठेवायचा, वजनाला दोनशेने गुणायचं, तेवढं पाजायचं. हा गुणाकार मी झोपेतही केला असता. आईंना काट्यावर उभं केलं, अठ्ठावन्न किलो भरल्या. अठ्ठावन्न गुणिले दोनशे म्हणजे अकरा ग्रॅम आणि सहाशे मिलिग्रॅम. मी प्रयोगशाळेच्या नाजूक तराजूवर दहा दिवसांच्या मेणकागदी पुड्या तोलल्या, निम्मी सकाळी, निम्मी संध्याकाळी. एक मिलिग्रॅम इकडे-तिकडे नाही. मला माझ्या नेमकेपणाचा अभिमान होता, हे लिहिताना आज लाज वाटते.

"हे डांबर आहे," पहिली पुडी कोमट पाण्यात ढवळून आई म्हणाल्या. "सासूला मारायचा नवा मार्ग शोधलास का?"

"जुने मार्ग तुम्हाला माहीत होते ना सगळे," मी म्हणाले. आम्ही दोघी खूप हसलो.

तिसऱ्या दिवशी त्यांची मूठ मिटली. चौथ्या दिवशी त्यांनी मला आंघोळीच्या खोलीत हाक मारून बोलावलं आणि ओल्या हाताने माझं नाक चिमटीत धरून दाखवलं. पाचव्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा टेबलावरची चादर घडी करून कपाटात गेली होती आणि आई डोळ्याला भिंग लावून एका बायकी घड्याळावर वाकल्या होत्या. मी दारातच उभी राहिले. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

सहाव्या दिवशी जेवताना त्या जरा संकोचून म्हणाल्या, "अगं, एक सांगू का? संडासला काळं होतंय."

"होणारच," मी म्हणाले. "काळं पोटात घातलं तर काय पांढरं बाहेर येणार आहे?"

त्याही हसल्या. वर "जेवताना कसलं बोलते मी" म्हणून स्वतःलाच चापटी मारली. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. सातव्या-आठव्या दिवशी त्या थोड्या थकल्यासारख्या दिसायच्या. मी म्हटलं, दिवसभर टेबलाशी बसतात, दमणारच. पोटात दुखतं का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काहीसुद्धा दुखत नाही. गुडघे नाही, कंबर नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा माझं काहीच दुखत नाहीये." हे ऐकून मी खूश झाले होते.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी प्रयोगशाळेच्या मोरीवर नळ्या धूत होते. मागे मॅडम नव्या विद्यार्थ्यांना शिकवत होत्या. त्यांचं शिकवणं मी कधी ऐकत नाही. पाचवी तुकडी आहे, तेच ते बोलतात. पण एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग उंदराच्या डोसवरून माणसाचा डोस काढायचा म्हणजे फक्त माणसाच्या वजनाने गुणायचं ना?"

"गुणा आणि जन्मठेपेला जा," मॅडम म्हणाल्या. मुलं हसली.

मी नळ बंद केला.

"लहान जनावराची भट्टी जोरात चालते," मॅडम सांगत होत्या. "त्याचं काळीज मिनिटाला तीन-चारशे वेळा धडधडतं. औषध आत गेलं की ते झपाट्याने जाळून टाकतं. माणूस संथ. त्याच्या अंगात तेच औषध रेंगाळतं. म्हणून उंदराच्या किलोमागच्या डोसला साधारण सहाने भागायचं आणि मग माणसाच्या वजनाने गुणायचं. नुसतं गुणलंत तर सहा पट दिलंत."

सहा पट. माझ्या हातात नळी होती. ती मी नीट स्टँडवर ठेवली, हे मला अजून आठवतं. माझं डोकं म्हणत होतं, असेल, पण झाडपाल्याचं तर आहे. सहा पट झाडपाला म्हणजे काय होणार?

"आणि आपल्या सात नंबरच्या बाबतीत तर चूक परवडणारच नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "हे अजून बाहेर बोलायचं नाही, पण वरच्या खोलीतल्या उंदरांना आपण महिनाभर सहा पट देऊन पाहतोय. सूज एकदम छान उतरते. उंदीर मजेत खेळतात. आणि आठव्या दिवसापासून लेंड्या काळ्या. पोट उघडलं तर आत जखमा, रक्त वाहतंय. त्यांना कळतही नाही, कारण दुखणं तर अर्काने मारून टाकलेलं असतं. काळा रंग कशाचा? पचलेल्या रक्ताचा."

मी मोरीची कड धरली. मागून कोणीतरी विचारलं, "पंजेबाई, बरं आहे ना?" आणि मी म्हणाले, "हो, उन्हातून आले ना." बाहेर ढग होते.

कॉरिडॉरमध्ये येऊन मी घरी फोन लावला. वाजत राहिला. आई कामात असल्या की फोन उचलत नाहीत, हे मला माहीत होतं. चिमट्यात स्प्रिंग असेल तर त्या देवाचाही फोन उचलायच्या नाहीत. मी स्वतःला हेच सांगत पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. पाचव्यांदा मी फोन कानाला लावूनच जिना उतरत होते, पायांत प्रयोगशाळेच्या रबरी चपला, अंगावर पांढरा कोट.

टॅक्सीत बसून मी दिवस मोजले. पहिल्या दिवसापासून दहावा. काळं होतंय हे त्यांनी सहाव्या दिवशी सांगितलं. सांगायला त्यांना दोन दिवस तरी लागले असतील. म्हणजे चौथा, नाहीतर पाचवा. उंदरांना आठव्या दिवशी झालं, यांना चौथ्याच दिवशी. आज सकाळची पुडी मी स्वतः ढवळून दिली होती आणि "चमचा चाटून घ्या, वाया घालवू नका" असं वर म्हटलं होतं. टॅक्सीवाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हणाले, "माझी आई आजारी आहे." त्याने गाडी जोरात काढली. त्याला मी सासू म्हणाले नाही. तेवढ्या धावपळीतही माझ्या मनात आलं की उद्या लोक काय म्हणतील. सुनेने सासूला दहा दिवस मोजून-मापून काळं विष पाजलं. पुड्या बांधून. तराजूवर तोलून. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

दोन मजले चढून मी माझ्या किल्लीने दार उघडलं. घरात घड्याळांची टिकटिक तेवढी होती.

आई टेबलाशी बसल्या होत्या. भिंग डोळ्याला, चिमटा हातात, मान खाली. मी "आई" म्हणाले. त्या हलल्या नाहीत.

"थांब," त्या म्हणाल्या. "एवढं बसवते."

जीव भांड्यात पडला असं मला वाटलं, आणि मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता. ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले होते. रोज सकाळी मी त्यांना स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली पाहत होते आणि घाईत पाहत होते. आता खिडकीचा उजेड सरळ त्यांच्या तोंडावर होता. मी जवळ जाऊन त्यांच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली. उंदरांची तपासायची मला सवय आहे. आत लाल असायला हवं, ते कागदासारखं होतं.

"काय करतेस गं?"

"आई, अजून काळं होतं का?"

"एवढ्या लवकर आलीस ती हे विचारायला?"

"सांगा मला!"

मी ओरडले. बारा वर्षांत मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रोजच होतं. काल तर डांबरच. तूच म्हणालीस ना, औषधाचा रंग." आणि हळूच, जणू माझीच समजूत घालत, "दुखत नाहीये गं काही. उगीच घाबरू नकोस."

त्या उठायला गेल्या आणि खाली बसल्या. पडल्या नाहीत, बसल्याच, टेबलाचा पाय धरून जमिनीवर. घड्याळाची चाकं फरशीवर सांडली. "अगबाई, माझी चाकं," म्हणाल्या आणि डोळे मिटले. मी त्यांची नाडी धरली. ती इतकी भरभर आणि इतकी बारीक चालली होती की मला मोजता येईना. मोजणं हे माझं काम, आणि मला मोजता येईना.

रुग्णवाहिका किती वेळाने आली ते मला सांगता येणार नाही. तेवढा वेळ मी फरशीवर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि मोठमोठ्याने भाजीतल्या मिठाबद्दल बोलत होते, त्यांनी डोळे उघडून मला काहीतरी लागेल असं बोलावं म्हणून. एकदा त्या पुटपुटल्या, "जास्तच असतं." तेवढ्यावर मी तग धरला.

दवाखान्यात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, सुया लावल्या. डॉक्टर तरुण होते, बाह्या दुमडलेल्या, डोळे तांबारलेले. त्यांनी आईंवर वाकून विचारलं, "आजी, काय औषधं घेता? दुखण्याच्या गोळ्या?"

आईंनी माझा हात धरला होता. त्यांनी तो दाबला. "हो," त्या म्हणाल्या. "दुकानातून आणलेल्या. हिला माहीत नव्हतं."

मला कळलं की त्यांना कळलंय. कधी कळलं, माझ्या अंगावरचा कोट बघून की माझ्या ओरडण्यावरून, देव जाणे. रक्त संपत आलेलं, आणि त्या बाई मला वाचवत होत्या. आणि मी, खरं सांगते, एक क्षण गप्प राहिले. त्या एका क्षणात मला नोकरी दिसली, पोलीस दिसले, नवऱ्याचा चेहरा दिसला. दुकानातली गोळी. किती सोपं होतं. कोणी विचारलंही नसतं.

"नाही," मी म्हणाले. "गोळ्या नाहीत. झाडाचा अर्क आहे. रोज साडेअकरा ग्रॅम, दहा दिवस."

डॉक्टर सरळ उभे राहिले. "कुठल्या डॉक्टरने दिला?"

"मी दिला."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी उंदरांचे पंजे मोजते."

त्यांना ती थट्टा वाटली असावी. मग त्यांनी माझा कोट पाहिला, त्यावरचं प्रयोगशाळेचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "यात काय काय आहे? रक्त पातळ होतं का याने? आम्ही नळी घालून आतली जखम बंद करणार आहोत. रक्त गोठणार नसेल तर ते मला आत्ता माहीत पाहिजे, नंतर नाही."

मला माहीत नव्हतं. मला फक्त पंजे माहीत होते. माहीत असणारी एकच बाई होती.

मी भिंतीकडे तोंड करून मॅडमना फोन लावला. "मॅडम, लेबल सुटलेली सात नंबरची बरणी मी फेकली नाही," मी म्हणाले. "मी ती सासूबाईंना दिली. नुसतं वजनाने गुणून."

"काळं होतंय?" मॅडमनी विचारलं.

"सहा दिवस तरी."

"डॉक्टरांना फोन द्या. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टर फोनवर ऐकत होते, मध्येच "किती पट?" म्हणून विचारत होते. मग त्यांनी नर्सला ओरडून काहीतरी सांगितलं. नुसतं रक्त पुरणार नाही, रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या पिशव्याही आणा, त्या चढेपर्यंत नळी घालायची नाही. फोन माझ्या हातात परत देताना ते म्हणाले, "हे कळलं नसतं तर मी लगेच आत गेलो असतो." त्यापुढे काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मॅडम अजून फोनवर होत्या. "उद्यापासून येऊ नका," त्या म्हणाल्या. मग "त्या वाचल्या की मला कळवा," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाहेर बाकावर बसून मी नवऱ्याला फोन केला आणि सगळं सांगितलं, पुड्यांसकट. तो रस्त्याच्या कडेला गाडी लावून ऐकत होता. मागून बाकीच्या गाड्यांचे आवाज येत होते. मग म्हणाला, "जिवंत आहे ना?" मी म्हणाले, "आत्ता आहे." "मग मी निघतो," तो म्हणाला. मला वाटलं होतं तो शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तशीच बसून दारावरचा दिवा बघत राहिले. आतून कोणी बाहेर आलं की मी उठून उभी राहायचे. असे सतरा जण बाहेर आले.

अठराव्या खेपेला ते डॉक्टर आले. पोटात तीन जखमा होत्या. तिन्ही बंद झाल्या. रक्ताच्या सहा पिशव्या लागल्या. "वाचल्या," ते म्हणाले आणि माझ्याकडे रोखून बघत पुढे म्हणाले, "थोडक्यात."

अर्काचा नमुना हवा होता म्हणून दुसऱ्या दिवशी मी घरून चमचाभर आणून दिला. बाकीची बरणी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर तशीच राहिली. फेकेन म्हणाले आणि फेकली नाही. मला स्वतःला कारण सांगता आलं नाही.

आई पाचव्या दिवशी उशीला टेकून बसल्या. ओठांना रंग आला होता, जिभेलाही धार आली होती. दवाखान्याच्या जेवणाला त्यांनी इतकी नावं ठेवली की नर्स हसत पळाली. "हिच्या भाजीत निदान मीठ तरी असतं," त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या. बारा वर्षांत माझ्या स्वयंपाकाची एवढी स्तुती त्यांनी केली नव्हती. नवरा खाली चहा आणायला गेला. तो माझ्याशी बोलत होता, पण मोजकं.

आई पाण्याची बाटली उघडायला गेल्या. उघडली नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी बाटली मांडीवर ठेवली आणि हात माझ्यासमोर धरला. सांधे सुजले होते, आधी होते त्याहून जास्त. मधलं बोट वळत नव्हतं. मी त्या बोटांकडे बघितलं आणि मला नळी, पाणी, शाईची रेघ, सगळं दिसू लागलं. तीन तासांत साठ टक्के.

"सहा पट झालं होतं म्हणे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"आई, नको तो विषय."

"मला भीती वाटली गं. खोटं कशाला सांगू? फरशीवर बसले तेव्हा कळलं की हे मरण आहे, आणि भ्याले मी. पण पाच दिवस माझे हात माझे होते." त्यांनी दाराकडे बघितलं, मुलगा येत नाही ना म्हणून. "सहाने भागलं तर किती येतं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

मला माहीत होतं. एक ग्रॅम, नऊशे तेहतीस मिलिग्रॅम. पहिल्याच दिवशी, बाहेरच्या बाकावर, त्या वाचल्या की नाही हे कळायच्याही आधी, मी दवाखान्याच्या एका फॉर्मच्या मागे तो भागाकार केला होता. त्यांच्या अंगात दुसऱ्याचं रक्त जात होतं आणि माझा हात आपोआप आकडे मांडत होता. घडी केलेला तो कागद आत्ताही माझ्या पर्समध्ये होता. नंतर तो पर्समध्ये माझ्या हाताला लागला तेव्हा मला जी भीती वाटली, ती मला टॅक्सीतही वाटली नव्हती.

आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचा जन्म बारीक वस्तू बघण्यात गेलाय.

"येतं तुला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बाटली पुढे केली. "बरं, हिचं झाकण तरी काढून दे."

मी झाकण काढलं. बाटली त्यांच्या हातात देताना दुसऱ्या हाताने मी पर्स घट्ट धरली होती; आतला तो कागद मी काढला नाही आणि फाडलाही नाही.